आपण कोणाकडचे?

यंदाच्या मे महिन्यात आमच्या कुटुंबातल्या दोन घरांनी प्रवास केला. नणंदेचे घर जपानला गेले आणि आमचे घर प्रतापगडाला. नणंदेचे यजमान पुण्यातल्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. कंपनीने त्यांना वर्षभरासाठी नागोयाला पाठवले होते, म्हणून सुट्टीत मायलेकी तिकडे जाऊन फिरून आल्या. आमचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आणि माझी उर्दू शाळेतली नोकरी. आम्ही तीन दिवसांसाठी ओळखीतली एक जीप ठरवली, डब्यात चपात्या आणि खिमा भरला आणि फजरची नमाज झाल्यावर मिरजेहून निघालो.

प्रवास करा, जमिनीवर हिंडा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा, असे कुरआन शरीफमध्ये पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मी मुलांना निघताना हे सांगितले. शिक्षिकेची सवय. पाहायला गेलो होतो आधीच्या लोकांकडे. पाहावे लागेल स्वतःकडे, हे तेव्हा कळले नव्हते.

पहिले दोन दिवस छान गेले. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहिला. वाईला घाटावर बसलो, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा पाहिला, पाचगणीच्या टेबललँडवर मुले पळाली. जुन्या महाबळेश्वरात गोमुखातून पडणारी पाण्याची धार पाहून माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, “अम्मी, ये अपनीच नदी? इत्तीशी?” सांगली-मिरजेचे लोक कृष्णेला ओळखतात ती पुरातली कृष्णा. 2005 सालची, 2019 सालची. ती मुळात एवढीशी असते यावर तिचा विश्वास बसेना.

तिसऱ्या दिवशी आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडावर गेलो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि मराठी माध्यमात शिकतो. चौथीच्या पुस्तकातला प्रतापगडाचा धडा त्याला पाठ आहे. तोच धडा मी माझ्या वर्गात उर्दूतून शिकवते. एकच प्रसंग आमच्या घरात दोन लिप्यांत शिकला आणि शिकवला जातो. त्यामुळे गड पाहायचा हट्ट त्याचाच होता. बुरूज कुठे, भवानीचे मंदिर कुठे, 1957 साली पंडित नेहरूंनी अनावरण केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा कुठे, हे तो मलाच सांगत होता.

पायथ्याशी एक वयस्कर गाईड भेटले. तिथल्याच गावचे. बोलणे मऊ. त्यांनी माझ्या मुलीला पानाच्या द्रोणात करवंदे दिली आणि सहज विचारले, “कुठले पाव्हणे?”

“मिरजेचे,” मी म्हणाले.

“आडनाव काय म्हणायचं?”

“पाटील.”

“वा वा, या पाटील वहिनी, सावकाश चढा.”

माझ्या मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

आता यात खोटे काहीच नव्हते. आमचे आडनाव पाटीलच आहे. आमच्या सातारा-सांगलीकडे मुसलमानांत पाटील आहेत, देशमुख आहेत, इनामदार आहेत, देसाई आहेत. सासऱ्यांच्या आजोबांकडे गावची पाटीलकी होती आणि कागदोपत्री तेच नाव चालत आले. मी साडी नेसले होते, पदर डोक्यावर होता. तो तर उन्हात सगळ्याच बायकांच्या डोक्यावर होता. माझे पती जीप लावायला मागे राहिले होते. गाईडनी आडनाव विचारले आणि मी आडनाव सांगितले. एवढेच घडले. तरी मुलाने पाहिले ते का पाहिले, हे मला ताबडतोब समजले. कारण एरवी कोणी नाव विचारले की मी माझे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव, असे तिन्ही सांगते. मुलांनाही तसेच शिकवले आहे. त्या दिवशी मी पहिली दोन नावे गिळली.

गाईडनी प्रसंग फार चांगला सांगितला. 10 नोव्हेंबर 1659 चा दिवस, खानाची धिप्पाड काया, शामियाना, भेट, वाघनखे. कोणालाही शिवी न देता सांगितला. ऐकणारे आणखी दोन-तीन घोळके जमले होते. महाराजांचा जयजयकार झाला तेव्हा माझा मुलगाही मनापासून ओरडला. पण गाईडनी “अफजल” म्हटले की त्याची बोटे माझ्या हातात आवळली जात होती. माझ्या धाकट्या भावाचे नाव अफजल आहे. मुलाचा लाडका मामू.

शेवटी गाईडनी झाडीकडे बोट दाखवले. “खाली तिकडं खानाची कबर. महाराजांनीच इतमामानं माती द्यायला लावली. माणूस गेला, वैर गेलं.” वाटेच्या तोंडाशी पोलीस बसलेले दिसले. तिकडे जाऊ देत नाहीत, असेही त्यांनी सांगितले. त्यांना ठरलेले पैसे दिले, त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही उतरलो.

रात्री महाबळेश्वरच्या खोलीवर धाकटी झोपल्यावर मुलगा म्हणाला, “अम्मी, तू पूरा नाम क्यूं नै बोली?” मी काही जुळवाजुळव करीत होते, तेवढ्यात त्याने दुसरा प्रश्न विचारला. “अपन किसके तरफ के?”

हा लेख त्या दोन प्रश्नांविषयी आहे. मला ते वेगवेगळे वाटले होते. ते एकच आहेत, हे कळायला दोन महिने गेले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते. ते आपल्यापैकी पुष्कळांकडे तयार असते. मी अंथरुणावर बसून यादी सांगायला सुरुवात केली. महाराजांबरोबर भेटीला निवडक दहा माणसे होती, त्यांत सिद्दी इब्राहिम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, खुद्द भोसले घराण्यातला मंबाजी होता. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत एकेकाळी नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता. स्वतः शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार होते. ही यादी मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. व्याख्यानांत ऐकली आहे, अशा अंकांतून वाचली आहे. ती खरी आहे.

मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “वो लोगां नै रहते, तो अपन किसके?”

ते लोक नसतेच तर? सिद्दी इब्राहिम त्या दिवशी आजारी असता, नूरखान बेग जन्मालाच आला नसता, तर आमची या गडावर करवंदे खायची पात्रता कमी झाली असती काय? मी इतकी वर्षे जी यादी सांगत आले, ती यादी म्हणजे वकिलाने कोर्टात उभे केलेले साक्षीदार आहेत. साक्षीदार खरे आहेत. पण साक्षीदार आरोपीला लागतात. आपल्यावर आरोप आहे, हे मान्य करूनच आपण ही यादी वाचायला लागतो. आणि अकरा वर्षांच्या मुलाला मी नकळत तेच शिकवत होते: बेटा, तुझ्यावर खटला आहे, ही घे कागदपत्रे, सांभाळून ठेव.

यादीला इतिहास म्हणून किंमत आहे, ती मी नाकारत नाही. ती एक गोष्ट मात्र पक्की सांगते. त्या काळी बाजू निवडावी लागत होती. कान्होजी जेध्यांना आदिलशाहीचे फर्मान आले होते. खानाकडे गेले असते तर वतन राहिले असते. ते महाराजांकडे गेले. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. दोघेही मावळचे, दोघेही देशमुख. कोणी निष्ठेने, कोणी वतनासाठी, कोणी भीतीने, कोणी भाऊबंदकीच्या रागातून, पण प्रत्येकाने एका रात्री कुठेतरी बसून ठरवले. म्हणून त्यांना आपण आज बरे किंवा वाईट म्हणू शकतो. ज्याने निवडले त्याचाच निवाडा करता येतो. माझ्या मुलाने काय निवडले होते? त्याला तर साडेतीनशे वर्षांनंतर जन्मताच एक बाजू हातात मिळाली, आणि तीही मामूच्या नावावरून.

बरे, खान “आपला” म्हणायचा, तर कशाच्या जोरावर? नावाच्या? शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला बोलणी करायला बोलावून त्याने ठार केले, असे इतिहासकार सांगतात. आणि मला तर शाळेच्या सहलीत पाहिलेले विजापूर आठवते. गोलघुमट पाहून झाल्यावर आमच्या बाईंनी आम्हांला गावाबाहेर साठ कबर नावाच्या जागी नेले होते. शेतांच्या मध्ये, रांगेने, साठेक कबरी. सगळ्या सारख्या, सगळ्या बायकांच्या. आख्यायिका अशी, की या मोहिमेवरून आपण परत येणार नाही असे ज्योतिषाने सांगितल्यावर खानाने निघण्यापूर्वी आपल्या बायकांना विहिरीत बुडवून मारले. आख्यायिकेला इतिहासकार पुरावा मागतील, तो मागायलाच हवा. पण कबरी आहेत आणि त्यांच्यावर नावे नाहीत. तेव्हा आम्ही मुली तिथे गप्प उभ्या राहिलो होतो. आज मला कोणी विचारले की त्या मोहिमेत तू कोणाच्या बाजूची, तर मी म्हणेन, मी त्या रांगेच्या बाजूची. माझा आणि त्या रांगेचा संबंध मला समजतो. खानाचा आणि माझा काय संबंध, ते मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

आणि इन्साफ करायचा तर आपल्याही घरात करावा लागतो. न्यायाला उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध गेला तरी, असा स्पष्ट हुकूम आपल्याला आहे. प्रतापगडाच्या त्या साध्या कबरीभोवती पुढच्या काळात बांधकामे वाढत गेली. 10 नोव्हेंबर 2022 रोजी प्रशासनाने मोठ्या बंदोबस्तात ती अनधिकृत म्हणून पाडली. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात पुष्कळांना वाईट वाटले. मलाही वाटले, कारण पाडताना वाजणारा आवाज भिंतीपुरता राहत नाही. पण मनातल्या मनात मी हेही विचारले, की वाढवली कशाला होती? शत्रूला दोन हात जमीन देऊन महाराजांनी जो मोठेपणा दाखवला, त्यात भर घालायला आपल्याला कोणी सांगितले होते? कबर पाहून मरणाची आठवण यावी. सरदाराची ऐट वाढावी म्हणून कबर नसते.

हे सगळे मी हळूहळू, अनेक दिवसांत मुलाशी बोलले. त्याला पटले असावे. पण त्याचा पहिला प्रश्न तसाच शिल्लक होता. तू पूर्ण नाव का सांगितले नाहीस?

त्यासाठी मला 2009 च्या सप्टेंबरात जावे लागते. गणेशोत्सवात मिरजेत एका कमानीवर याच प्रसंगाचे चित्र होते, त्यावरून दंगल पेटली. आसपासच्या गावांत लोण गेले, संचारबंदी लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. भाऊ सोळा वर्षांचा. संचारबंदी दोन तास उठली की दूध आणायला त्याला पाठवावे लागे. अम्मीने त्याला दारात थांबवून सांगितले, “कोई पूछा तो बबलू बोल.” घरात त्याला बबलू म्हणतच होतो, तेव्हा तेही खोटे नव्हते. दोन आठवडे माझा भाऊ बबलू होता. दंगल शमली, संचारबंदी उठली, पण पुढे कित्येक महिने अनोळखी माणसाने नाव विचारले की तो आधी समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग दोहोंपैकी एक नाव सांगायचा. अम्मीने ते काही दिवसांसाठी शिकवले होते. त्याने ते कायमचे घेतले आणि, प्रतापगडावर कळले, मीही घेतले.

अम्मीने केले ते चूक होते काय? मला वाटत नाही. जिवावर बेतले असेल तर आपल्या शरीअतीनेही सवलत दिली आहे. सोळा वर्षांच्या पोराला रस्त्यावर पाठवणारी आई सत्याचा धडा देत बसणार नाही. पण सवलत धोक्यासाठी असते. प्रतापगडाच्या पायथ्याशी धोका कुठे होता? उन्हाळ्याची सकाळ, समोर एक म्हातारा माणूस, त्याच्या हातात माझ्या मुलीसाठी करवंदे. तिथे धोका नव्हता, संकोच होता. फार तर एक क्षण अवघड गेला असता. त्या एका क्षणापासून वाचण्यासाठी मी धोक्याची सवलत वापरली. रोजा सोडायची परवानगी आजाऱ्याला आहे. धडधाकट माणसाने ती घेतली तर तिला काय म्हणायचे?

इथपर्यंत मी स्वतःला भित्री म्हणत होते आणि त्यात थोडी स्वतःची दयाही होती. दंगल पाहिलेली बाई, घाबरणारच. पण खरी चूक याच्याही पुढे आहे आणि ती मला फार उशिरा दिसली.

मी नाव गिळले, म्हणजे मी काय ठरवले? हा माणूस माझे नाव ऐकून बदलेल, असे ठरवले. त्याची करवंदे मागे जातील, आवाज कोरडा होईल, गोष्ट सांगताना तो माझ्याकडे पाहून बोलेल. कशावरून? त्याच्या कपाळावरच्या गंधावरून. त्याने काहीही केलेले नव्हते. उलट पुढचा दीड तास त्याने जे सांगितले ते इतके नेटके होते, की नाव कळले असते तरी त्याचा एक शब्द बदलला नसता, असे आज वाटते. “माणूस गेला, वैर गेलं” म्हणणारा माणूस तो. पण त्याला चांगले वागण्याची संधीच मी ठेवली नाही. लोक माझे नाव ऐकून मला एका बाजूला ढकलतील या भीतीने, मी त्याचे नाव न विचारताच त्याला दुसऱ्या बाजूला ढकलून मोकळी झाले. दुसऱ्याविषयी वाईट गुमान करू नका, काही गुमान गुनाह असतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. बदगुमानी म्हणजे गल्लीतल्या बायकांनी शेजारणीविषयी केलेली कुजबुज, एवढाच अर्थ मी मुलांना सांगत आले होते.

म्हणजे मुलाच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच निघाले. आपण कोणाकडचे? त्या सकाळी मी महाराजांकडची नव्हते आणि खानाकडचीही नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या दोन बाजू आमच्यासाठी खुल्याच नव्हत्या. आमच्यासमोर त्या क्षणी ज्या दोन बाजू होत्या, त्या भरवशाची बाजू आणि संशयाची बाजू. त्या मात्र खऱ्या होत्या आणि निवडायला मी मोकळी होते. मी संशयाची निवडली.

जुलैत नणंद मिरजेला आली. मुले तिच्या फोनभोवती गोळा झाली. टोकियोची गर्दी, शिंकान्सेन आगगाडी, खेड्यातली पाण्याने भरलेली भातखाचरे, हलाल जेवण न मिळाल्याने मासे आणि भात खाऊन काढलेले दिवस. माझ्या मुलाने त्यांना प्रतापगडाची गोष्ट सांगितली, नावाच्या प्रसंगासकट. मी ओशाळले. नणंदेच्या लेकीने, ती त्याच्याच वयाची, दोन फोटो शोधून काढले.

पहिला क्योटो शहरातला. घरांच्या मध्ये गवताची एक टेकडी आणि वर दगड. मिमिझुका, म्हणजे कानांची टेकडी. 1592 ते 1598 या काळात जपानच्या हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. मारलेल्यांची मुंडकी समुद्रापार आणणे जड, म्हणून सैनिकांनी हजारो नाके कापून मिठात घालून मोजणीसाठी पाठवली. ती या टेकडीत पुरली आहेत. नाव कानांचे असले तरी आत बहुतेक नाकेच आहेत.

दुसरा फोटो कोयासान नावाच्या डोंगरावरचा. उंच देवदारांच्या सावलीत दोन-दोन लाख समाध्यांची एक दफनभूमी. तिथे जन्मभर लढलेल्या दोन सरदारांची स्मारके एकमेकांजवळ आहेत. ओदा नोबुनागाचे स्मारक आहे आणि त्याला दगा देऊन ज्याने संपवले त्या मित्सुहिदेचेही आहे. आणि याच जागी, त्याच कोरियाच्या युद्धात लढून आलेल्या शिमाझू घराण्याने 1599 साली एक शिळा उभी केली. युद्धात पडलेल्या आपल्या आणि शत्रूच्या, दोन्हींकडच्या मृतांसाठी. एकाच युद्धाच्या या दोन खुणा. प्रतापगडाच्या भेटीच्या बरोबर साठ वर्षे आधीची ही शिळा.

हे ऐकून मला भरून आले, आणि लगेच मन सावधही झाले. कारण हेच शिमाझू त्या युद्धातल्या सर्वांत भयंकर कत्तलींपैकी एकीचे सेनापती होते. शिळा उभारली म्हणून कापलेले परत येत नाहीत. आणि दोन्हींकडच्या मृतांना एकत्र आठवणे जपानलाही पुढे नेहमी जमले असे नाही. हिरोशिमात 1945 साली बॉम्ब पडला तेव्हा हजारो कोरियन माणसेही त्याच आगीत जळाली. त्यांचे स्मारक 1970 साली उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला 1999 साल उजाडले. मेलेल्यांनाही कुंपणाच्या आत यायला इतकी वर्षे लागली. तेव्हा तिकडचे लोक मोठे आणि आपण लहान, असा धडा मला काढायचा नाही. आपल्याकडे तर 1659 सालीच लढाई संपल्यावर मातीचा मान राखला गेला होता. प्रश्न त्या वेळच्या लोकांचा नाहीच. त्यांनी जमेल तसे आपापले वैर पुरले. आपण ते पुन्हा पुन्हा उकरतो, कधी कमानीवर रंगवून, कधी कबरीवर छत बांधून, आणि कधी, माझ्यासारखे, गप्प राहून. गप्प राहणाराही उकरणाऱ्यांत असतो, हे मला त्या सुट्टीने शिकवले.

मुले जिन्यात खेळायला गेल्यावर मी मुलाला परत बोलावले आणि सरळ सांगितले, “मैं गलत थी. उन्होंने पूछे तो पूरा नाम बोलना था.” त्याने खांदे उडवले आणि पळाला. मुलांना आईबापांची माफी ऐकायला अवघड वाटते. मलाही सांगायला सोपे गेले नाही. वर्गात पन्नास मुलांसमोर “माझे गणित चुकले” म्हणणे त्यापेक्षा सोपे.

एक शंका अजून उरते, ती लपवत नाही. नाव सांगितल्यावर समोरचा खरेच बदलला तर? बदलतील, काही जण बदलतील. नाव ऐकून घर भाड्याने द्यायचे नाकारणारे मीही पाहिले आहेत. भरवसा ठेवणारा फसत नाही, असे आश्वासन मी माझ्या मुलाला देऊ शकत नाही. एवढेच सांगू शकते, की तो बदलला तर ती त्याची निवड असेल आणि तिचा हिशेब त्याच्याकडे. मी आधीच संशय धरला तर तो हिशेब माझ्याकडे. आपल्या वाट्याला आपलाच हिशेब येणार आहे, मामूचा नाही, खानाचाही नाही.

या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल न्यायची आहे. मी प्रतापगडाचे नाव सुचवले. स्टाफरूममध्ये एक सहकारी कळवळून म्हणाले, “पाटील मॅडम, कशाला उगाच? पन्हाळा आहे, कोल्हापूर आहे.” त्यांची काळजी खोटी नाही. चर्चा झाली, शेवटी मुख्याध्यापकांनी होकार दिला. पालकांची संमतिपत्रे घ्यायची आहेत, काही पालक नाही म्हणतील. सहलीसाठी विद्यार्थ्यांची यादी मी काल रात्री स्वतःच्या हाताने लिहिली, मराठीत, प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. बेचाळीस नावे झाली. त्यांत दोन अफजल आहेत.

ते गाईड भेटले तर बरे होईल. मला त्यांचे नाव विचारायचे राहिले आहे.